ह आणि न

खालापूर
६ जानेवारी २०२५

वन्सं,

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. पण करणार काय? फोन केला की तुम्ही "हं, हं, बरं बरं" म्हणता आणि ठेवून देता. माझ्या वतीने आमच्या अंतराने मोबाईलवर चार ओळी लिहिल्या की त्यावर तुमचा नुसता अंगठा येतो. अंगठ्यावरून माणसाच्या मनात काय आहे ते मला कळत नाही, म्हणून कागद घेतला.

ह्यांची तब्येत बरी नाही. हृदय दमलंय, असं डॉक्टर म्हणाले. आडवं झोपता येत नाही, लगेच श्वास कोंडतो. खिडकीशी खुर्ची टाकून, पाठीला तीन उशा लावून बसवते. दिवसभर फाटकाकडे बघत बसलेले असतात. पाय सुजतात. बोलायला लागले की धाप लागते, म्हणून एखाद-दुसरा शब्दच बोलतात. ज्या माणसाने आयुष्यभर समोरच्याला बोलू दिलं नाही, त्याच्यावर ही वेळ यावी!

तुमचं नाव ते काढत नाहीत. पण काल पायावरची सूज दाबून बघितली आणि मला म्हणाले, "दुकानदारीणबाईंना विचार. हा माल. किती दिवस टिकेल." बहिणीचं नाव न घेता बहिणीची आठवण कशी काढावी, हे ह्यांच्याकडून शिकावं.

अजेयच्या लग्नात तुम्ही पंगतीतून उठून गेलात, त्याला पाच वर्षं झाली. काय झालं ते ना तुम्ही सांगितलंत, ना ह्यांनी तुम्हाला विचारलं. मी मध्ये पडले नाही. भावाबहिणीत भावजयीने पडलं की खापर तिच्यावरच फुटतं, म्हणून लांब राहिले. आता मात्र पडते. एकदा या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. औषधांचे फोटो अंतरा पाठवते आहे, तुम्हाला त्यावरून कळेल.

कालिंदी


दहिवली, कर्जत
११ जानेवारी २०२५

वहिनी,

नमस्कार, खुशाली वगैरे सगळं लिहिलंय असं धरून चाला. वेळ वाचेल.

औषधांचे फोटो पाहिले. जन्म औषधाच्या दुकानात गेला आहे. काय चाललंय ते मला कळलं. त्यावर चर्चा नको. पुढचं नीट वाचा. मीठ बंद म्हणजे बंद. पापड, लोणचं, सुकट, सगळं घराबाहेर. पाणी मोजून द्या. लघवीची गोळी सकाळीच, संध्याकाळी दिलीत तर दोघांचीही झोप जाईल. तो पापडासाठी भांडेल. भांडू द्या. माणूस दुखणं सांगताना खरं बोलतो आणि पथ्य सांगताना खोटं, हा माझा काउंटरवरचा अनुभव आहे. पुरुष जरा जास्त खोटं बोलतात, कारण त्यांच्या वतीने खरं बोलायला बायको शेजारी उभी असते.

फोनबद्दल. मला फोनवर बोलणं आवडत नाही. फोनवर माणूस सुचेल ते बोलतो आणि मग तसं म्हणालोच नव्हतो म्हणतो. कागदावर लिहिलेलं निस्तरावं लागतं. दुकानातही मी गिऱ्हाइकाकडून चिठ्ठीच मागते. किशोर, माझा मदतनीस, म्हणतो, "बाई, तोंडाने सांगितलेलं औषध पण द्या की हो, माणसं कंटाळून समोरच्या दुकानात जातात." जाऊ देत. माझ्या हातून आजवर चुकीचं औषध गेलेलं नाही.

आता येण्याबद्दल. त्या दिवशी पंगतीत, लोकांसमोर, दादा मला जे बोलला ते मी पुन्हा उच्चारणार नाही आणि लिहिणार तर नाहीच. लग्न न केलेल्या बाईला भावाचं घर हेच माहेर असतं. ते त्याने एका वाक्यात बंद केलं. त्यानंतर पाच वर्षांत त्याला एकदाही वाटलं नाही की कर्जतला जावं, दार वाजवावं.

तरीही मी येईन. एकाच अटीवर. त्याने स्वतः "ये" म्हणावं. धाप लागते तर लांबलचक काही नको. एक अक्षर पुरे.

अनसूया


खालापूर
१७ जानेवारी २०२५

वन्सं,

तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. पापडाच्या जागी हसले, मग हसण्याने खोकला आला, मग मला दटावलं की असलं काही वाचत जाऊ नकोस. "पुरुष जास्त खोटं बोलतात" हे पुन्हा वाचायला लावलं. म्हणाले, "जात नाही. तिची. खोड."

लग्नातल्या त्या वाक्याचं विचारलं. आपण काय बोललो ते त्यांना खरंच आठवत नाही. तुम्ही म्हणाल, बोलणारा विसरतो, ज्याला लागतं तो विसरत नाही. असेल. पण आता त्यांच्याशी हिशेब घालायची ही वेळ नव्हे.

तुमची अट सांगितली. बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "ये."

झालं तुमच्या मनासारखं? आता उशीर करू नका. घरी आम्ही दोघं आणि धोंडूबाई असतो. धोंडूबाई नवीन आहे, डोंगराकडच्या वाडीतून येते, धुणीभांडी करते. तोंडाने फटकळ, पण ह्यांना उचलून बसवायचं तर तीच लागते. हे तिला म्हणतात, "हळू. मी काही. भाताचं पोतं नाही." ती म्हणते, "पोता बरा, तो गप तरी बसतो." दिवसातून एकदा तरी घर हसतं ते असं.

कालिंदी


दहिवली, कर्जत
२९ जानेवारी २०२५

वहिनी,

काल मी आले होते. तुम्हाला माहीत असेलच.

आधी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तुम्ही साग्रसंगीत स्वयंपाक केला असता आणि त्याने हट्टाने मीठ खाल्लं असतं. खोपोलीपर्यंत एस.टी.ने, तिथून खालापूरला शेअर रिक्षाने आले. गुडघे दुखत असताना गल्ली चढून आले. फाटकाशी एक बाई कपडे पिळत बसली होती, तुमची धोंडूबाई असणार. मी सरळ विचारलं, "शरच्चंद्र आहेत का घरात?"

तिने मान वर केली आणि म्हणाली, "नायत. जावा."

वर हात झटकला. कुत्र्याला हाकलतात तसा.

मी तिच्याशी वाद घातला नाही. ज्या माणसाला खुर्चीतून उठवायला दोघं लागतात, तो घरात नाही म्हणजे कुठे, महडला गणपतीच्या दर्शनाला गेला? मला एवढंच कळलं की असं सांगायला तिला कोणीतरी सांगून ठेवलं असणार. तुम्ही सांगितलंत असं मी म्हणत नाही. दादाला मी ओळखते. लहानपणी पतंग वर चढवला की दोरा माझ्या हातात द्यायचा आणि मी ओढायला लागले की कात्रीने कापायचा. "ये" म्हणायचं आणि दारातून परत पाठवायचं, हा तोच खेळ. आजारी पडला म्हणून माणूस बदलत नाही. फक्त त्याच्या खोड्या माफ करायची सोय होते.

मी गेले, मी विचारलं, मला उत्तर मिळालं. आता माझ्याकडून काही राहिलेलं नाही.

इंजेक्शन चालू केलं असेल तर रक्त तपासून घ्या, पोटॅशियम उतरतं.

अनसूया


खालापूर
१९ फेब्रुवारी २०२५

वन्सं,

तेराव्याला तुम्ही आलात तेव्हा मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि मी उठून आत गेले. चार लोकांत तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते ह्याची मलाच भीती वाटली. आता घर रिकामं आहे. अजेय पुण्याला गेला, अंतरा पनवेलला. आता लिहिते.

हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचं ते पत्र आलं. मी ते आज उघडलं.

ते घरातच होते, वन्सं. कुठे जाणार होते? खिडकीशी बसले होते. तुम्ही गल्लीच्या वळणावर दिसलात आणि ह्यांनी मला हाक मारली, "अनू आली." पाच वर्षांनी तुमचं नाव तोंडात आलं. मला म्हणाले, "कंगवा." मी केस विंचरले. मग म्हणाले, "सदरा. चांगला." मी कपाटातून सदरा काढायला आत गेले, म्हणून दारात आले नाही. नाहीतर धावत आले असते. बाही घालताना हात वर जाईना, म्हणून वेळ लागला. तेवढ्यात तुम्ही फाटकाशी आलात आणि पाठ फिरवलीत.

त्यांनी खिडकीतून हाक मारली. "अनू!" मी त्यांची बाही धरून तिथेच उभी होते. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून पुन्हा मारली. गल्लीतला एक मुलगा वळून बघायला लागला. तुम्ही वळला नाहीत.

मला वाटलं तुमचा बेत बदलला. दारापर्यंत येऊन राग पुन्हा वर आला. धोंडूबाईला विचारलं तर म्हणाली, "मी सांगितला हायत, जावा आत. तर बाय आली तशी फिरली." आणि आता तुम्ही लिहिता की ती "नायत" म्हणाली. माणूस गेल्यावरही आपलं खरं करायला त्या गरीब बाईच्या तोंडी खोटं घालावं? तुम्हाला यायचं नव्हतं तर नव्हतं. तसं म्हणा.

एक माझंही सांगून टाकते. त्यांनी "ये" म्हटलं नव्हतं. अट ऐकून ते नुसतेच बाहेर बघत राहिले. "ये" मी लिहिलं. तुम्ही दोघंही एका अक्षरासाठी अडून बसला होतात, म्हणून ते मी माझ्या पदरचं घातलं. तुम्हाला खोट्याचा राग येतो, येऊ द्या.

कालिंदी


दहिवली, कर्जत
२३ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

मी खोटं लिहीत नाही. दुसऱ्यांच्या सोयीसाठी तर कधीच लिहिलेलं नाही. "ये"बद्दल म्हणूनच काही बोलत नाही.

ती बाई "नायत" म्हणाली. माझ्या कानांनी ऐकलं. हात झटकून "जावा" म्हणाली, ते डोळ्यांनी पाहिलं. आता ती घाबरून शब्द फिरवते आहे. असली बाई घरात ठेवू नका. आज एका माणसाला दारातून परतवून लावलं, उद्या डॉक्टरला लावेल.

हाक मारली म्हणता. कोणी हाक मारली नाही. मारली असती तर मी थांबले नसते का? मी दगड आहे का?

आणि ज्याच्यापायी हे सगळं झालं ते आता लिहूनच टाकते, म्हणजे मी उगाच रुसले होते असं तुम्हाला वाटायला नको. अजेयच्या लग्नात पंगत बसली होती. तुमच्या भाचीला, रियाला, कडेवरच्या पोरासकट जागा मिळेना म्हणून मी माझ्या पानावरून उठले. दादा जिलबीचं ताट घेऊन वाढत येत होता. माझ्यासमोर थांबला आणि सगळ्यांदेखत ओरडून म्हणाला, "तू कशाला आलीस?" बाजूची माणसं हसली. मी ताठ मानेने बाहेर पडले आणि रिक्षा केली. ह्यावर आता तुम्ही काय ते म्हणा.

अनसूया


खालापूर
३ मार्च २०२५

वन्सं,

तुमचं पत्र वाचलं. आधी चूक केली आणि धोंडूबाईला जाब विचारला. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, "काकी, घरात जिता मानूस, त्यात आजारी, नि मी त्याला नाय म्हनू? असा अभद्र माज्या तोंडात येल? माजी जीभ झडली नाय अजून." पदर खोचला आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. भांडी मीच घासते आहे, त्याचं काही नाही. पण ह्यांना शेवटी तिनेच उचलून खाली घेतलं होतं, आणि मी तिला खोटारडी ठरवलं.

भांडी घासता घासता माणसाला विचार करायला वेळ मिळतो. मी तुमचं पत्र आठवत होते. जिलबीच्या ताटामागे मी होते, वन्सं. माझ्या हातात मठ्ठ्याचं भांडं होतं. हे ओरडले, कारण पलीकडे बँडवाला कर्णा फुंकत होता. "तू कशाला उठलीस?" असं म्हणाले. उठलीस. रियाला जागा दिलीत म्हणून तुमच्यावर रागावले होते, कारण तुमच्या पानावर जिलबी त्यांना स्वतःच्या हाताने वाढायची होती. बाजूची माणसं हसली ती ह्यांच्या कपाळावर पाक उडाला होता म्हणून. मग तुम्ही निघूनच गेलात, तेव्हा ताट हातात घेऊन तसेच उभे होते. "हिला काय झालं?" असं मला विचारलं. तो प्रश्न त्यांनी पुढे पाच वर्षं विचारला. तुम्हाला सोडून सगळ्यांना.

आणखी एक. तेराव्याला अंतराने तुम्हाला विचारलं, "आत्या, चहा करू की कॉफी?" तुम्ही म्हणालात, "हो." तिने पुन्हा विचारलं. तुम्ही हसलात आणि पुन्हा म्हणालात, "हो, हो." तिने चहा आणून दिला. आत येऊन मला म्हणाली, "आई, आत्याला ऐकू येत नाही गं. ती आपल्या तोंडाकडे बघून अंदाज बांधते." मी तिला गप्प केलं. म्हटलं, तुझ्या आत्याला पार रस्त्यापलीकडचं ऐकू येतं.

आता फोनवरचं "हं, हं" आठवतं. दुकानातल्या चिठ्ठ्या आठवतात. आणि खिडकीतली ती हाक. त्या दिवशी पाठीमागून हाक मारणाऱ्याचं तोंड तुम्हाला दिसणार नव्हतं.

माझं चुकत असेल तर चांगलंच खरमरीत पत्र लिहा. मी आनंदाने वाचेन.

कालिंदी


दहिवली, कर्जत
१५ मार्च २०२५

वहिनी,

खरमरीत पत्र लिहायला बसले होते. दोन पानं झालीही होती. मग म्हटलं, पुरावा जोडावा.

माझ्याकडे ठमी येते, पाणी भरायला आणि केर काढायला. तिची बोली तुमच्या धोंडूबाईसारखीच. तिला म्हटलं, माझ्या पाठीमागे उभी राहा आणि तुझ्या मनाला येईल तसं "हायत" नाहीतर "नायत" म्हण, मी ओळखते. तिला वाटलं, बाईंना म्हातारपणी खेळ सुचला. ती म्हणायची, मी सांगायची, आणि ती हसून हसून खाली बसायची. "गं बाय, मी हायत म्हनते नि तुमी नायत म्हनता! पुन्हा सांगू?" मी म्हटलं, पुन्हा सांग. मग तिचं हसू कमी होत गेलं. शेवटी ती समोर येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडावर म्हणाली, "बाई, राहू द्या आता." ते मला अगदी स्वच्छ कळलं. तिचं तोंड दिसत होतं ना.

बरीच वर्षं मला माहीत होतं. आधी वाटायचं, लोक हल्ली पुटपुटतात. मग चिठ्ठ्या सुरू केल्या आणि त्याला शिस्त असं नाव दिलं. लोकांना ते पटलं. तुसडी बाई म्हणाले, बहिरी कोणी म्हणालं नाही. मला तुसडी परवडत होती. म्हातारं होण्यापेक्षा माणूस वाईट होणं पत्करतो, असं मी तुम्हाला एरवी गिऱ्हाइकांबद्दल लिहिलं असतं.

फाटकाशी काय झालं ते आता सांगते. "नायत" ऐकलं तेव्हा घरात नाही असा अर्थ माझ्या मनात आधी आलाच नाही. मला वाटलं, गेला. फाटकाचा गज धरला. मग दोरीवर त्याचा चट्ट्यापट्ट्यांचा लेंगा वाळत घातलेला दिसला, पाणी ठिबकत होतं, म्हणजे सकाळीच अंगावरून काढला असणार. म्हणजे आहे. जिवंत आहे. आणि त्याच क्षणी मला त्याचा संताप आला. हरवलेलं मूल सापडलं की आई आधी त्याच्या पाठीत धपाटा घालते, तसा. त्या संतापात पाठ फिरवली.

पुन्हा का विचारलं नाही, हे तुम्हाला वाटलं असेल. दुसऱ्यांदा विचारलं की समोरच्याला कळतं, वहिनी. म्हणून मी कोणालाच, काहीच, दुसऱ्यांदा विचारत नाही. पंगतीतही विचारलं नव्हतं.

आता मी माझे रुसवे एकेक काढून बघते आहे. समोरच्या दुकानदाराशी दहा वर्षं बोलत नाही, तो मला नेमकं काय म्हणाला होता? कॉलेजातल्या मैत्रिणीशी तोडलं, ती तरी काय म्हणाली होती? काही जणांनी खरंच वाईट म्हटलं असेल. पण कोणी, ते मला आता कळायला मार्ग नाही. स्वाभिमान म्हणून जे जपलं त्यातलं किती नुसतं कानाचं दुखणं होतं, ते सांगणारं यंत्र मिळत नाही. ऐकायचं मिळतं. किशोरने पनवेलला नेऊन बसवून आणलं. दुकानात सगळं ऐकू येतं. पंखा किती घरघरतो ते कोणी मला सांगितलं नव्हतं.

धोंडूबाईचं घर मला दाखवा. मी तिच्या वाडीवर जाईन. काय बोलायचं ते तिला बोलू दे, सगळं ऐकीन.

त्याने हाक मारली आणि ती मला ऐकू आली नाही. हे वाक्य मी एकदाच लिहिते आहे.

एकच विचारते. त्या दिवसानंतर तो काय म्हणाला? शेवटपर्यंत त्याला हेच वाटत होतं का, की मी ऐकलं आणि तरीही गेले? तुम्ही जे असेल ते लिहा. माझ्यासाठी म्हणून काही घालू नका.

अनसूया


खालापूर
२१ मार्च २०२५

वन्सं,

तुमचं पत्र मी ह्यांच्या खुर्चीत बसून वाचलं. आजवर तिच्यात कोणाला बसू दिलं नव्हतं.

सकाळी मी स्वतः वाडीवर जाऊन आले. धोंडूबाईला सगळं सांगितलं. ती आधी मोठ्याने म्हणाली, "मंग बयेनं सांगायचा नाय का, कान गेलेत म्हनून? काय लाज हाय त्यात?" मग पायरीवर बसली आणि डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "काकी, मी हात हलवला तो जावा आत म्हनून. माजे हात ओले व्हते. मी उठून फाटक उघडायला पायजे व्हता." वन्सं, तिने चूक केलेली नाही, तरी ती आता जन्मभर ते फाटक उघडत बसणार. सदरा आणायला आत गेलेच नसते तर, असं म्हणत मीही ते उघडत बसते. तुम्ही एकट्या नाही आहात, एवढ्यासाठी हे सांगितलं. ती सोमवारपासून कामावर येते आहे.

आता तुमचा प्रश्न.

त्या दिवशी सदरा अंगावर तसाच ठेवला, मला काढू दिला नाही. संध्याकाळी म्हणाले, "गेली?" मी म्हटलं, "गेल्या." त्यानंतर तुमच्याबद्दल काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी गेले. तुम्ही हाक ऐकलीत आणि तरी गेलात, असंच समजून गेले. हो.

मला दुसरं काही लिहिता आलं असतं. एक अक्षर मागे लिहिलंच होतं, आता एखादं वाक्य लिहिणं काही कठीण नव्हतं. रात्रीपासून दोन-तीन सुचलीही, चांगली होती, त्यांच्या तोंडी शोभली असती. पण "काय म्हणाला" एवढ्यावर न थांबता तुम्ही कधी नव्हे ते दुसऱ्यांदा विचारलंत.

आता उन्हं तापायला लागली आहेत, सकाळच्या गाडीने निघा. खोपोलीहून रिक्षावाल्याला तहसील कचेरीमागची गल्ली सांगा. फाटक मी काढून ठेवायला सांगितलं आहे, लोहार उद्या येतो. दार उघडंच असतं. कोणी भेटलं तर काही विचारू नका. सरळ आत या.

कालिंदी